नांदेडची विहीर, जीबीएस आणि टीसीएलची वही

मुग्धा_धायरी

नमस्कार मंडळी. जानेवारीपासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण घरात आजारपण असलं की बसून लिहिणं काही होत नाही. आता पावसाळा सुरू झालाय, नळाला परत गढूळ पाणी यायला लागलंय आणि पोटात तोच गोळा आलाय, म्हणून धागा काढतेय.

पुण्यातल्या सिंहगड रोडची २०२५ च्या जानेवारीतली जीबीएसची (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा गिलेन बारे आजार) साथ आठवत असेलच सगळ्यांना. माझे सासरे त्यातलेच एक. वय ६८, रोज सकाळी कॅनॉलच्या कडेने तासभर चालणारा माणूस. दोन दिवस जुलाब झाले, थांबले, आम्ही म्हटलं चला सुटलो. आठवड्याने सकाळी चहाचा कप हातातून सुटला. म्हणाले मुंग्या येतायत पायाला. संध्याकाळपर्यंत जिना चढता येईना. एका खासगी हॉस्पिटलात नेलं (नाव लिहीत नाही), तिथे आधी डिपॉझिट, मग इंजेक्शन. ती आयव्हीआयजीची (रक्तातल्या प्रतिपिंडांची) इंजेक्शनं, एकेक वीस हजाराच्या आसपास, आणि एकदोन नाही, वजनाप्रमाणे पाच दिवस द्यायची. मंगळसूत्र सोडून घरातलं सगळं सोनं गेलं. असो. ते आता वॉकर घेऊन हॉलमध्ये चालतात, कप दोन हातांनी धरतात. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापेक्षा आमचं बरं म्हणायचं. मार्चच्या सुरुवातीपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास रुग्ण आणि संशयित धरून बारा मृत्यू असा आकडा आला होता पेपरात.

पण मला आजाराबद्दल नाही बोलायचं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून पेपर वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आपण कुठलं पाणी पितो. सिंहगड रोडवरच्या नांदेड गावात (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे) एक मोठी विहीर, तिच्यात खडकवासल्याचं पाणी येतं, आणि तिथून फिल्टर न होता नुसतं क्लोरिन मारून आसपासच्या गावांना जातं. अधिकाऱ्यांनीच सांगितलं की ऐंशी टक्के रुग्ण या विहिरीच्या आजूबाजूच्या भागातले. म्हणजे पुणे महानगरपालिका म्हणवतो आपण, आणि पाणी विहिरीतनं ब्लिचिंग पावडर टाकून! धायरी २०१७ ला पालिकेत गेली, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी वगैरे २०२१ ला. गावं घेतली, मालमत्ता कराची बिलं वेळेवर आली, शुद्ध पाणी मात्र मागनं येतंय.

तर प्रश्न असा, की अशी साथ येऊन गेल्यावर पालिकेने नेमकं काय शिकायचं असतं? जाणकारांनी लिहा. कृपया पक्षबिक्ष आणू नका, सगळ्यांना सगळं माहितीये.

तिरकस_पुणेकर

पालिकेने शिकायचं? ताई तुम्ही भोळ्या आहात. पालिका एकच धडा शिकली, तीन महिन्यांत लोक विसरतात. बघा तुमच्या धाग्यावर किती प्रतिसाद येतात ते, आणि शेजारी वडापाववर धागा काढा, दोनशे येतील.

डॉक्टर_नुसतेच

मुग्धाताई, सासऱ्यांना चालता येतंय हे वाचून बरं वाटलं. पूर्ण ताकद यायला वर्ष लागू शकतं, फिजिओथेरपी सोडू नका.

इथे बऱ्याच जणांना अजून वाटतं की जीबीएस हा 'व्हायरस' होता. नव्हता. गिलेन बारे सिंड्रोम संसर्गजन्य नाही. आधी कुठलं तरी इन्फेक्शन होतं, बहुतेकदा पोटाचं किंवा श्वासाचं, आणि त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. जगभर दर लाखात वर्षाला एकदोन रुग्ण एरवीही दिसतात. पुण्यात एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) शौचाचे नमुने तपासले त्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला, काहींत नोरोव्हायरसही. कॅम्पायलोबॅक्टर हा जीबीएसच्या आधी सापडणारा सगळ्यात नेहमीचा जंतू. पाणी उकळलं की मरतो, एवढा साधा.

आता यातलं गणित लक्षात घ्या. कॅम्पायलोबॅक्टर झालेल्यांपैकी अगदी थोड्यांना जीबीएस होतो, हजारात एखाद्याला म्हणतात. म्हणजे एका भागात शंभराच्या वर जीबीएस दिसतात तेव्हा त्यामागे किती लोकांना जुलाब होऊन गेले असतील? ते सगळे कुठे होते? ते आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे आले, दोनशे रुपये दिले, गोळ्या घेतल्या, बरे झाले. त्याची नोंद कुठेच नाही. मी स्वतः डिसेंबरअखेर जास्त जुलाबाचे पेशंट बघितले आणि 'लग्नसराई आहे, बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक, कबूल करतो. कळवायचं तरी कोणाला, हेही मला माहीत नव्हतं. सरकारी दवाखान्यांची साप्ताहिक आकडेवारी वर जाते, खासगी क्लिनिकची जवळजवळ नाहीच, आणि शहरातले बहुतेक पेशंट तर खासगीतच.

साथ उघडकीला आली ती मोठ्या हॉस्पिटलांतल्या मेंदूविकार तज्ज्ञांमुळे, एकाच भागातले पेशंट एकदम यायला लागले म्हणून. म्हणजे धूर नाही दिसला, थेट जळकं घरच दिसलं. जुलाब वाढले तेव्हाच कळलं असतं तर विहिरीवर दोनतीन आठवडे आधी माणूस गेला असता. माझ्या मते धडा हा एकच. प्रत्येक वॉर्डात खासगी डॉक्टरांनी रोज एक मेसेज टाकायचा, आज जुलाब किती, ताप किती. व्हॉट्सॲपवर सुद्धा होईल. त्याला काही एआय वगैरे लागत नाही.

बापू_ओव्हरसियर

डॉक्टरसाहेबांनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं काढली, ओव्हरसियर म्हणून रिटायर झालो. पुण्याशी संबंध नाही, त्यामुळे नांदेडच्या विहिरीवर आत काय घडलं हे मी सांगू शकत नाही, सांगणारही नाही. पण विहिरीवर क्लोरिन म्हणजे काय असतं ते ऐका.

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, ती येते पोत्यात. नवी असते तेव्हा तिच्यात ३० ते ३३ टक्के क्लोरिन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की क्लोरिन उडून जातो आणि राहतो तो चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायचीच नाही असा नियम आहे, पण बघतो कोण. पांढरं दिसतंय ना, टाका. हजार लिटरला पाच ग्रॅम हा आपला ढोबळ हिशोब, आणि टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी थांबलं पाहिजे. आता विहिरीत वरून पाणी येतंय, खालून पंप ओढतोय, तर तो अर्धा तास मिळणार कुठून? आणि पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर क्लोरिन त्या गाळावरच खर्च होतो, जंतू मातीच्या कणाआड बसतात आरामात. म्हणून आधी फिल्टर आणि मग क्लोरिन. नुसतं क्लोरिन ही तात्पुरती सोय झाली, तिला योजना म्हणत नाहीत.

दुसरं. टाकीवर क्लोरिन किती आहे ते महत्त्वाचं नाही, शेवटच्या नळाला किती आहे ते महत्त्वाचं. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक पाहिजे. आमच्याकडे रोज सकाळी क्लोरोस्कोप (क्लोरिन मोजायचं साधन) घेऊन माणूस फिरायचा, नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर ठीक, पांढरं राहिलं तर पळा. आता ओटीच्या ऐवजी डीपीडीच्या गोळ्या निघाल्यात, त्यात गुलाबी रंग येतो, त्याच वापराव्या, ओटीचं द्रावण तब्येतीला चांगलं नाही.

तिसरं आणि खरं. या सगळ्याची एक वही असते. तारीख, वेळ, ठिकाण, क्लोरिन किती, सही. मी नव्याने लागलो तेव्हा ती वही बघून मला फार आनंद झाला, रोज ०.५, रोज ०.५, महिनोन्महिने. आमचे साहेब हसले आणि म्हणाले, अरे जिथे रोज एकच आकडा तिथे कोणी नळापर्यंत गेलेलंच नाही. खरी वही वेडीवाकडी असते. एक दिवस ०.३, एक दिवस शून्य, कुठे चहाचा डाग.

चौथं. पाणी दिवसातून दोन तास सोडायचं आणि बाकी वेळ पाइप रिकामे, असं असलं की पाइपात ओढ तयार होते. जिथे फट असेल तिथून बाहेरचं आत. बाहेर काय असतं? आपल्याकडे पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन सख्ख्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी. नव्या गावात बिल्डरनी टाकलेल्या लायनींचे तर नकाशेसुद्धा कुणाकडे नसतात.

मुग्धा_धायरी

बापू, '०.५' वाचून अंगावर काटा आला. ही वही आपल्यासारख्याला बघायला मिळते का?

बापू_ओव्हरसियर

माहितीच्या अधिकारात मिळायला पाहिजे. मागून बघा. पण मी सांगतो, वही मागण्यापेक्षा स्वतः नळ तपासा. किट फार महाग नसतं.

ग्रामसेवक_भाऊसाहेब

बापूसाहेबांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक आहे, आमच्याकडच्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो कारण शहरातल्या लोकांना वाटतं ग्रामपंचायत म्हणजे सगळा आनंद.

प्रत्येक ग्रामपंचायतीला एक जलसुरक्षक असतो. टीसीएल टाकणं, ओटी घेणं, नमुने पाठवणं हे त्याचं काम. मानधन काही फार नसतं हे खरं. पण गावाला तो माहीत असतो. पाणी पिवळं आलं की बाया घागर घेऊन थेट त्याच्या दारात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा स्त्रोतांचं सर्वेक्षण होतं, त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालं की बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांच्या मीटिंगमध्ये उभं करतात हो, आणि विरोधी पॅनेलवाले ते कार्ड निवडणुकीत फ्लेक्सवर छापतात. एका गावात मी होतो तिथे लाल कार्डावर सरपंच पडला.

आता गाव महानगरपालिकेत गेलं की काय होतं, हे कार्ड बंद. जिल्हा परिषदेचं प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतं आता तुम्ही आमचे नाही. ग्रामपंचायत बरखास्त, सरपंच माजी, सदस्य माजी, जलसुरक्षक कुठल्या तरी खात्यात हजेरीला. आणि पालिकेचा फिल्टर प्लांट, लॅब, इंजिनिअर हे यायचे आहेत, आराखडा झालाय, निधी यायचाय. जुनं काढून घेतलं आणि नवं पोचलं नाही, या मधल्या वर्षांत गाव कुणाचं? माझा मुद्दा एवढाच आहे. पालिकेची माणसं नळापर्यंत पोचेपर्यंत जुनी व्यवस्था चालू ठेवली पाहिजे, कागदावर गाव पालिकेत गेलं असलं तरी.

तिरकस_पुणेकर

भाऊसाहेब, मुद्दा पटला, पण ग्रामपंचायतीचं एवढं कौतुक नको. पाण्याचा पत्ता नसताना चाळीस चाळीस मजल्यांना डोळे मिटून सही देणारे कोण होते? आणि पालिकेत यायची घाई कुणाला होती? जमिनीचे भाव वाढले तेव्हा पेढे वाटले. मग कर आला तेव्हा ओरड. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर २०१७ ला आत आली आणि २०२४ ला परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. गावं म्हणजे काय पत्त्यांचा डाव आहे?

आणि नगरसेवक म्हणाल तर मार्च २०२२ ला मुदत संपली ती संपली. त्यानंतर प्रशासक राज. साथ आली तेव्हा अख्ख्या पुण्यात एक निवडून आलेला नगरसेवक नव्हता. २०२१ ला आलेल्या गावांना तर तोवर स्वतःचा नगरसेवक असा एकदाही मिळालेला नव्हता. सरपंच गेला आणि त्याच्या जागी कोणीच आलेलं नव्हतं.

(हा माझा या वर्षातला पहिला गंभीर प्रतिसाद. नोंद घ्यावी.)

मुग्धा_धायरी

घेतली नोंद :) आणि हेच म्हणायचं होतं मला. पूर्वी आमच्या आळीत पाणी सोडणारा दादा होता, त्याचं नाव, घर, त्याला मुली किती हे सगळं माहीत होतं. पाणी गढूळ आलं की सासूबाई गॅलरीतूनच ओरडायच्या. आता ॲपवर तक्रार टाकायची, नंबर मिळतो, आणि चार दिवसांनी मेसेज येतो 'तक्रारीचे निराकरण झाले आहे'. कोणी केलं, काय केलं, देव जाणे. नगरसेवक चांगला असो वाईट असो, लग्नात भेटायचा हो. भर पंगतीत विचारता यायचं.

ओंटारिओकर

मी मूळचा वडगावचा, गेली बावीस वर्षं कॅनडात ओंटारिओमध्ये. बापूंची वही वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

इथे वॉकरटन म्हणून एक गाव आहे, वस्ती पाच हजाराच्या आसपास. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेतातल्या शेणखताचं पाणी गावच्या एका विहिरीत उतरलं, ई कोलाय आणि तुमचा तोच कॅम्पायलोबॅक्टर. २३०० माणसं आजारी पडली, सात गेली. निम्मं गाव म्हणा ना. चौकशीत काय निघालं? पाणीपुरवठा बघणारे दोघं भाऊ वर्षानुवर्षं क्लोरिनची वही घरबसल्या भरत होते. रोज ०.५, रोज ०.७५. हुबेहूब बापूंच्या साहेबांची गोष्ट. दोघंही विहिरीचं पाणी थेट प्यायचे, त्यांच्या मते पाणी उत्तमच होतं. म्हणजे वाईट माणसं नव्हती हो, निष्काळजी आणि न शिकलेली होती, याच कामाचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं.

पण खरा धडा पुढे आहे. लॅबचा रिपोर्ट 'पाणी दूषित' असा आला, तो मॅनेजरने दाबला. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने फोन करून विचारलं तर म्हणाला पाणी ठीक आहे. लॅबने तो रिपोर्ट सरकारला का नाही कळवला? कारण सरकारने काही वर्षांपूर्वी खर्च वाचवायला पाणी तपासणी खासगी लॅबना दिली होती, आणि वाईट रिपोर्ट आरोग्य खात्याला कळवायचाच अशी सक्ती केलेली नव्हती. लॅबने गिऱ्हाइकाला रिपोर्ट दिला, त्यांचं काम संपलं. शेवटी आरोग्य खात्याने मॅनेजरवर विश्वास न ठेवता स्वतःच पाणी उकळून प्या असं जाहीर केलं आणि स्वतः नमुने घेतले, तेव्हा कळलं.

न्यायमूर्ती ओकॉनर यांची चौकशी बसली. २००२ मध्ये सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्ट आला. त्यात एक कलम असं आहे की पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या नगरसेवकांनी योग्य काळजी घेतली नाही तर ते व्यक्तिशः जबाबदार, दंड होऊ शकतो, तुरुंगही होऊ शकतो. 'मला इंजिनिअरने सांगितलं नाही' ही सबब चालत नाही, विचारणं हेच तुझं काम. लॅबने वाईट रिपोर्ट एकाच वेळी आरोग्य खात्याला आणि पर्यावरण खात्याला कळवायचा. त्या दोन भावांपैकी एकाला वर्षाची कैद झाली, दुसऱ्याला नऊ महिने घरात नजरकैद.

मला म्हणून विचाराल तर पुण्यात पहिली गोष्ट हीच व्हावी. पाणी पुरवणारा आणि पाणी तपासणारा वेगळा हवा, आणि रिपोर्ट लोकांसमोर त्याच दिवशी.

तिरकस_पुणेकर

नगरसेवक तुरुंगात? या एका कलमावर निवडणूक लढवली तर पुण्यात उमेदवारच मिळायचे नाहीत.

उधना_दरवाजा

मी सुरतमध्ये वाढलेला खानदेशी. ९४ च्या प्लेगला मी नववीत होतो. सप्टेंबरमध्ये पूर ओसरला, मेलेली गुरं रस्त्यावर, आणि एका रात्रीत प्लेगची बातमी. लोक ट्रेनच्या टपावर बसून पळाले, आम्हीपण, वडील मागे राहिले लूमवर. अमळनेरला उतरलो तर नातेवाइकांनी आठ दिवस ओसरीतच ठेवलं आम्हाला. त्यांचंही चुकलं असं आता वाटत नाही. आजी मात्र ताट ओसरीतच आणून आमच्याबरोबर जेवली.

मुद्दा तो नाही. मुद्दा असा की प्लेग ९४ ला आला आणि सुधारणा सुरू झाली ९५ च्या मे महिन्यात, एस. आर. राव नावाचे कमिशनर आले तेव्हा. मधल्या काळात नुसती भाषणं. राव यांनी काय केलं, नवा पैसा कुठून आणला नाही, नवी माणसं फारशी घेतली नाहीत. शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला कमिशनरएवढे अधिकार दिले, पैसे खर्च करायचेसुद्धा. आणि सगळ्या साहेबांनी सकाळी रस्त्यावर फिरायचं, मग दुपारी ऑफिस. याला ते म्हणायचे 'एसी टू डीसी', एअर कंडिशनमधनं डेली चोअर्सला. माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा गटारीपाशी उभा असलेला साहेब बघितला, घरी येऊन तेच सांगत होते. अनधिकृत बांधकामं पाडताना आधी बड्यांची पाडली, त्यामुळे छोट्यांनी आवाज केला नाही.

दोनतीन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जायला लागली. आता यातली खोच अशी, एक चांगला माणूस आला म्हणून झालं, असं सगळे म्हणतात. पण राव गेल्यावरही बरंचसं टिकलं, ते त्या झोनच्या अधिकारांमुळे. माणूस बदलला तरी खुर्चीतला अधिकार खाली उतरलेला होता तो परत वर गेला नाही.

जी_नॉर्थ

सुरतकरांना +१. मुंबईच्या धारावीत २०२० ला कोविडमध्ये मी स्वयंसेवक होतो, तिथेही तेच बघितलं. १ एप्रिलला पहिला रुग्ण, अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख लोक, आणि शंभरात ऐंशी जण सार्वजनिक संडास वापरणारे. त्यांना काय सांगणार घरात बसा म्हणून? वॉर्ड ऑफिसने आधी संडास दिवसातून अनेकदा धुवायला घेतले, आणि गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना पीपीई किट देऊन दवाखाने उघडायला लावले. डॉक्टरसाहेब वर म्हणतायत तेच, लोकांचा विश्वास त्या दोनशे रुपयेवाल्या डॉक्टरवर असतो. तो घरी आला तर दार उघडतं, सरकारी माणूस आला तर नाही. जूनपासून मुंबईत २४ वॉर्डांत २४ वॉर रूम झाल्या, बेड तिथूनच मिळायचा, मंत्रालयातून फोन आणला तरी. निदान कागदावर तरी :)

सगळं गोड होतं असं नाही. शाळेतल्या क्वारंटाइनमध्ये जेवण कधी वेळेवर, कधी नाही, आणि लोक चिडले तर ते ऐकून घ्यायला आम्ही. पण कोणाला फोन करायचा हे लोकांना माहीत होतं.

शनिवारातला

दार उघडण्यावरून आठवलं. पुण्याला हा धडा १८९७ लाच मिळाला होता. प्लेगसाठी रँडची कमिटी, घराघरात सोल्जर घुसवले, देवघरापर्यंत बूट, बायकांची तपासणी. उपाय शास्त्राला धरून असतील-नसतील, पण लोक आजारी माणसं माळ्यावर लपवायला लागले. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेत होत्या, त्यातच १० मार्चला गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, दार ठोठवायच्या या दोन तऱ्हा. एपिडेमिक ॲक्ट मात्र आपण त्याच वर्षीचा २०२० ला काढून वापरला.

अवांतर झालं, पण राहवलं नाही.

किरकटवाडीची_सून

मुग्धा, अगं अफवांबद्दलपण लिही ना. आमच्याकडे आधी आलं चिकन खाऊ नका, मग पनीर खाऊ नका, मग पाणीपुरी, मग म्हणे लसीमुळे. माझ्या दिराचं चिकनचं दुकान, पंधरा दिवस कुत्रं फिरकलं नाही. नीट शिजवलेलं खायला हरकत नाही एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी रिक्षावर भोंगा लावून सांगायला काय झालं होतं? ग्रामपंचायत असताना दवंडी तरी यायची.

आणि ते आरओचे जार! नळाचं नको म्हणून आम्ही दहा रुपयाचा जार आणायचो, वीस लिटर, जास्त शहाणपणा. फेब्रुवारीत पालिकेने आमच्याच भागातले तीसेक खासगी प्लांट सील केले, पाणी दूषित निघालं म्हणून. म्हणजे नळाला भ्यायलो आणि जारमध्ये पडलो.

बापू_ओव्हरसियर

जारचं सांगतो. आरओमधून पाणी निघताना त्यात क्लोरिन शिल्लक राहत नाही. मग ते जारमध्ये भरलं, जार नीट धुतला नसला, की आतल्या जंतूला अडवणारं काहीच नाही. नळाच्या पाण्यात निदान तो ०.२ पहारेकरी असतो. आणि असे प्लांट तपासायचे कोणी, अन्न औषधवाले म्हणतात सीलबंद बाटली असेल तरच आमचं, पालिका म्हणते परवाना आम्ही दिलेला नाही. सील लावणं सोपं असतं. सील काढल्यावर दर महिन्याला नमुना कोण घेणार हे कुठे लिहिलंय का ते बघा.

मुग्धा_धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. तिरकसराव, वडापावच्या धाग्याशी बरोबरी नाही झाली, पण बरं चाललंय.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काल मी बापूंचं सगळं वाचून दाखवलं. चेअरमन म्हणाले आपली टाकी मागच्या वर्षी धुतलीय. वही मागितली तर म्हणाले वही कशाला, मला लक्षात आहे. म्हणजे पालिकेला काय बोलायचं, आमच्याच टाकीचा पत्ता नाही. टँकर येतो त्याचं पाणी कुठून भरतात हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी टँकरवाल्याला तिथेच फोन लावला, तो म्हणाला 'मॅडम, पाण्याचं पाणीच असतं'.

डीपीडीचं किट मागवलंय. माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाकतेय, आमच्या झोनमध्ये शेवटच्या नळाला जानेवारी ते जूनमध्ये क्लोरिन किती होता, रोजच्या नोंदीची प्रत द्या, एवढाच एक प्रश्न. बापू, अजून काही घालू का त्यात?

बापू_ओव्हरसियर

नमुना घेतल्याचं ठिकाण आणि वेळ मागा. आणि घेणाऱ्याचं पद. नाव नको, पद. बिचाऱ्या खालच्या माणसाचा बळी द्यायचा नाहीये आपल्याला. आणि प्रत हातात पडली की आधी बघा, ०.५ किती वेळा आलंय.

किट आलं की सकाळी पाणी सुटल्यावर पहिली दोन मिनिटं नळ वाहू द्या, मग नमुना घ्या. टाकीवरच्या नळाचा नाही, थेट लायनीच्या नळाचा. किटवर दिलेली वेळ झाली की लगेच रंग बघा, नुसताच ठेवला तर चुकीचं दिसतं.

किरकटवाडीची_सून

मी पण येऊ का गं? आमच्याकडचं पाणी बाटलीत घेऊन येते.

बापू_ओव्हरसियर

बाटलीत नको, क्लोरिन उडतो वाटेत. किट तुमच्याकडे न्या.

मुग्धा_धायरी

मग रविवारी सकाळी पावणेसातला तुझ्याकडेच येते, पाणी सुटायच्या आत. चहा ठेव. उकळून.